खोलीचा आवाज

माझी बायको भीमाबाई हिचा आवाज चांगला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. घोगरा होता आणि मोठा होता. आम्ही जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा ती दारात उभी राहून आमच्या मुलाला, राजरत्नला, हाक मारायची. तो मैदानाच्या पार टोकाला खेळत असला तरी मधल्या घरांतली माणसंच त्याला सांगायची, "जा रे राजू, तेरी माँ बुला रही है."

मी याआधी असं काही लिहिलेलं नाही. रेल्वेत डबे तपासायचं काम केलं. गाडी फलाटाला लागली की चाकांवर हातोडी मारायची आणि आवाज नीट येतो का ते ऐकायचं. बोलण्याची फारशी गरज पडत नसे. घरीही पडली नाही, कारण बोलायला ती होती. आता तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो आहे. कसं जमेल माहीत नाही.

ती वाशीमकडची. लग्न झालं तेव्हा अकोल्याहून जयपूरला छोट्या लाइनची सरळ गाडी होती. त्या गाडीत ती पहिल्यांदा इकडे आली. डब्यात सगळ्यांशी बोलत आली. मी खिडकीशी बसलो होतो. खंडव्याला समोरच्या बाईने माझ्याकडे बघून तिला विचारलं, हे कोण? तर म्हणाली, "माहे मालक हायेत. मुके नाईत बरं का. काल एकदा 'हो' म्हणाले व्हते."

जयपूरला आल्यावर ती हिंदी शिकली नाही, तिने एक स्वतःचीच तयार केली. भाजीवाल्याला विचारायची, "भैया, ये भेंडी कोवळी है क्या?" काही दिवसांनी तो भाजीवालाच गल्लीत ओरडायला लागला, "आओ अम्मा, कोवळी भेंडी!" पुढे छोटी लाइन जाऊन मोठे रूळ आले, सरळ गाडी बंद झाली, गावी जाणं कमी होत गेलं. राहिला तो फोन. वाशीमला तिची धाकटी बहीण इंदुमती आहे. तिच्याशी ती इतक्या मोठ्याने बोलायची की राजू म्हणायचा, "आई, फोन ठेवून दे, असंच ऐकू जाईल."

मी निवृत्त झाल्यावर आम्ही जयपुरातच, जगतपुऱ्यात राजूच्या फ्लॅटवर राहायला आलो. राजू बँकेत, सूनबाई सुवर्णा शाळेत, दोघंही दिवसभर बाहेर. वरचा मजला, सगळ्यांची दारं बंद. दारात उभं राहून हाक मारावी असं कोणी नव्हतं. भीमाबाई गॅलरीत बसायची. स्टेशन जवळ आहे, गाडीचा भोंगा ऐकू यायचा. भोंगा वाजला की ती हमखास विचारायची, "कोणती व्हय ही?" मी सांगायचो. आमच्यात दिवसभरात तेवढं बोलणं व्हायचं आणि ते मला पुरायचं. तिला पुरत नव्हतं. "जन्मभर मिठाची गुळणी धरून बसले," असं ती माझ्यादेखत नातीला सांगायची.

नात म्हणजे मोनाली. इथल्याच एका कॉलेजात सिनेमा आणि टीव्हीचं शिक्षण घेते. मराठी समजते तिला, बोलताना अडखळते. गेल्या सप्टेंबरात ती तिच्या आजीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आमचा ग्रुप प्रोजेक्ट आहे. शॉर्ट फिल्म. मतलब, एक दादी पाहिजे. तू करशील?"

"काय करा लागते?"

"काही नाही. बसायचं. मुलाची वाट बघायची."

"ते तं मी करतच आली," भीमाबाई म्हणाली. "बोलायचं हाय का नाई?"

"डायलॉग आहेत ना."

डायलॉग म्हटल्याबरोबर ती तयार झाली. संध्याकाळी इंदुमतीला फोन केला. "अवं इंदू, मी सिनेमात हाय. बसून नाई वं, बोलतीची हाय मी!"

गोष्ट अशी होती. राजस्थानी गावातली एक म्हातारी. तिचा मुलगा कामाला परगावी गेला आहे. ती रोज दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारते, "लाला की गाडी आगी कांई?" म्हणजे लालाची गाडी आली का. शेवटी मुलगा येत नाही, त्याची पिशवी तेवढी येते. एवढंच. त्या वाक्याचा भीमाबाईने घरभर सराव केला. कणीक मळताना, जिवापाड जपलेलं बाबासाहेबांच्या पुस्तकांचं कपाट पुसताना. मला उठवून विचारायची, "लाला की गाडी आगी कांई?" मी म्हणायचो, "आली." तर चिडायची, "तुमी नाई म्हणा जी. आली म्हटल्यावर सिनेमा संपते!"

शूटिंगला पाच-सहा मुलं आली. त्यात भवानीसिंह नावाचा मुलगा दिग्दर्शक. दुसरी चेतना मीणा, आवाजाचं काम तिच्याकडे, म्हणून सारखे कानाला हेडफोन. भवानीच्या आईने बगरू गावच्या छापाची ओढणी आणि घागरा पाठवला होता. भीमाबाईने घागरा नेसला आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी बघत राहिलो. "पाहा," ती मुलांना म्हणाली, "इतक्या वर्षांनी पाह्यलं यायनं."

भवानीने खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवलं. बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो. त्या गावातल्या घरात हे शोभणार नाहीत, काढून ठेवावे लागतील, असं तो अदबीने म्हणाला.

"बेटा," भीमाबाई म्हणाली, "उनको हात नहीं लगाने का. तू कॅमेरा फिरव."

"दादी, फ्रेम में आ रहे हैं..."

"तो फ्रेम को उधर सरकाव. ये इधर ही रहेंगे."

मोनाली लाजली. पण कॅमेराच फिरवला गेला. त्या फिल्ममध्ये खिडकी दिसते ती त्यामुळे.

मग डायलॉग सुरू झाले. कॅमेरा नसताना छान म्हणणारी भीमाबाई आता एकेक शब्द तोडून म्हणायला लागली, आणि प्रत्येक शब्द वऱ्हाडातून येत होता. भवानी समजावत होता. "दादी, थोडा गाँव का टोन." ती म्हणाली, "गाँव काच तो है. मेरे गाँव का है." मुलं खूप हसली. तीही हसली. एकदा तर असं झालं की स्टेशनातून खरोखरच भोंगा ऐकू आला आणि ती कॅमेऱ्याकडचं तोंड वळवून मला म्हणाली, "कोणती व्हय जी ही?" भवानीने कपाळाला हात लावला.

सगळं संपल्यावर चेतना म्हणाली की आता कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, मी नुसता खोलीचा आवाज घेणार आहे. मला नवल वाटलं. मोनालीने सांगितलं, "आबा, प्रत्येक खोलीची शांती वेगळी असते. नंतर डायलॉगच्या खाली जोडावी लागते." पंखा बंदच होता. आम्ही सगळे होतो तिथे मूर्तीसारखे उभे राहिलो. भीमाबाई खाटेवर ओढणीत बसलेली. आणि नेमका मला खोकला आला. ती काहीतरी पुटपुटली, मुलं खुदकन हसली, चेतनाने हात हलवून थांबवलं. मग पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी मी तोंडावर रुमाल धरला.

जाताना भीमाबाईने प्रत्येकाच्या हातावर गूळशेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि चेतनाला विचारलं, "मेरा आवाज आया ना उसमें?"

"पूरा आया दादी. मोहल्ले तक का आया."

ऑक्टोबर संपत आला तेव्हा एका सकाळी चहा गाळताना तिचा हात लुळा पडला. दवाखान्यात नेलं. तिथे ती चार दिवस होती, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सुवर्णाला विचारलं, आजी पहिल्यापासून बोलत नाहीत का? सुवर्णा बाहेर जाऊन रडली. मी खाटेशी बसून बोलायचा प्रयत्न केला. भोंगा तिथे ऐकू येत नव्हता, तरी मी घड्याळ बघून सांगत राहिलो, आता अमुक गाडी आली असेल, आता तमुक. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वाशीमहून इंदुमती आली. निघताना म्हणाली, "दाजी, तिचा सिनेमा झाला की धाडा मले. तिचा आवाज आयकू द्या एकडाव." मी हो म्हटलं. तेव्हापासून मी त्या एकाच गोष्टीची वाट बघत होतो. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत. व्हिडिओ शोधले तर एक वाढदिवसाचा निघाला, त्यात गाणी इतकी जोरात की तिचे ओठ तेवढे हलताना दिसतात. दुसऱ्या एकात तिने कॅमेरा बघून तोंडाला पदर लावलेला. फोनवर ती सारखी बोलायची, पण ते बोलणं कुठे साठत नाही. मला तिचा आवाज आठवत होता, पण दर सकाळी थोडा कमी आठवतो आहे असं वाटायचं. चाकांचे आवाज मला अजून आठवतात, त्याचा राग यायचा.

डिसेंबरात कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. मी, राजू, सुवर्णा पुढच्या रांगेत बसलो. अंधार झाला. खिडकी आली, खाट आली आणि ओढणीतली भीमाबाई आली. सुवर्णाने माझा हात धरला. भीमाबाईने मान वर केली, ओठ उघडले आणि एका गोड, हळुवार आवाजात कोणीतरी म्हणालं, "लाला की गाडी आगी कांई?"

मला आधी वाटलं, दुसरं कोणी बोलतं आहे आणि तिचं बोलणं पुढे येईल. पण पुन्हा तिचे ओठ हलले आणि पुन्हा तोच आवाज आला. अगदी बरोबर उच्चार, अगदी गावाकडचा. फिल्म संपेपर्यंत तोच. मागे काही जण डोळे पुसत होते. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

बाहेर मोनाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी विचारलं, "तिचा आवाज?"

"आबा, ते डब केलं. सर म्हणाले, ॲक्सेंट मॅच नाही होत. एक आंटी आहेत, नाटकात काम करतात, त्यांनी..." ती थांबली. "आजी होती तेव्हाच केलं होतं. मी तिला सांगणार होते. मग विचार केला, फिल्म बघेल तेव्हा हसेल."

"आणि तिचा? मूळचा?"

तिने चेतनाकडे पाहिलं. चेतनाने खाली बघतच सांगितलं. रेकॉर्डर वर्गाचा, सगळ्या ग्रुपना मिळून एकच. डबिंग झाल्यावर यांनी तो पुढच्या ग्रुपला दिला. त्यांनी कार्ड कोरं करून वापरायला घेतलं. तशीच पद्धत आहे. वऱ्हाडी हिंदीतली ती वाक्यं ठेवावीत असं कोणाला वाटलं नाही, आणि का वाटावं? तेव्हा ती घरात होती. हवी तेव्हा बोलत होती.

मोनाली रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अशा वेळी काय बोलायचं असतं ते भीमाबाईला येत होतं.

इंदुमतीचा फोन यायचा. मी राजूला उचलायला सांगायचो.

मग एका रविवारी दुपारी चेतना स्कूटरवरून आली, लॅपटॉप घेऊन. आत यायला कचरत होती. मोनालीने तिला माझ्यासमोर बसवलं.

"दादाजी, डायलॉग तो गए," ती म्हणाली. "मैंने सब जगह देख लिया. बस रूम टोन बचा है, वो मिक्सिंग के लिए मेरे लैपटॉप में था. एक ठीक वाला, और एक खराब वाला, जो हटाना भूल गई. कुछ है नहीं उसमें. पर मोनाली ने कहा, आपको दे दूँ."

तिने स्वतःचे हेडफोन माझ्या कानांना लावले. जरा सैल होते, मी हाताने दाबून धरले.

आधी काहीच नाही. मग खोली ऐकू आली. आमचीच खोली. खिडकीत कबुतर घुमत होतं. खाली एक स्कूटर सुरू झाली आणि गेली. कोणाचा तरी श्वास, जरा जड, मग बांगड्यांचा बारीक आवाज. ती ओढणी सावरत असावी. ती तिथे होती, मधोमध, आणि सांगितल्याप्रमाणे गप्प बसली होती. मी तिला इतका वेळ गप्प कधी ऐकलं नव्हतं. मग मोठ्याने खोकला आला, माझा, आणि त्याच्या पाठोपाठ तिचा आवाज, घोगरा, अगदी कानाशी:

"आता तरी चूप बसा जी. जन्मभर बसले अन् आता घसा खोकलते!"

मुलं हसली आणि संपलं.

मी हेडफोन काढले नाहीत. मोनालीने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "आबा, परत लावू?" मी मान हलवली. तिने परत लावलं.

आता ते माझ्या फोनमध्ये आहे. इंदुमतीलाही पाठवलं. तिने ऐकून फोन केला, तो मी स्वतः उचलला. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी पंखा बंद करून खाटेवर बसतो आणि ते लावतो. कबुतर घुमतं, स्कूटर जाते, बांगड्या वाजतात. मी श्वास रोखून माझ्या खोकल्याची वाट बघतो. तो आला की ती बोलते.