अक्कांचं ‘सुस्त’ आणि साहेबांचं ‘सुस्त’

मंडळी, इंटरनेटसाठी घरचा फोन अडवून ही ई-मेल लिहितेय, कारण डोकं फिरलंय.

माझा मणक्याचा संधिवात तुम्हाला माहीत आहे. पाठदुखी लोकांना पटते, थकवा पटत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. आज आमचे पुण्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या वयात एवढी सुस्त? जरा उत्साह दाखव!"

घरी आले आणि जिन्यातच बसकण मारली. खालच्या मजल्यावरच्या अक्का, पिढ्यान्‌पिढ्या इथे कन्नड मुलखातच वाढलेल्या मराठी, दारातून म्हणाल्या, "सुस्त झालंय काय गं?"

झालं! "तुम्हीसुद्धा? आळशी नाहीये मी, आजारी आहे!"

अक्का गोंधळल्या. "आळशी कोण म्हणालं? कन्नडात सुस्तु म्हणजे थकवा. आम्ही तेच बोलतो. लई दमलीस काय, विचारलं. स्वल्प कॉफी देऊ?"

आजारी पडल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं, तेव्हा मी भांडले.

उद्या साहेब पुन्हा ‘सुस्त’ म्हणाले, तर ‘हो’ म्हणणार आहे. अक्कांच्या अर्थाने. पण आपल्या मराठीत या थकव्याला काय म्हणायचं, म्हणजे समोरच्याला आळस ऐकू येणार नाही?