पिशवी काढलेलं कणीस

फुलीबाईचा आवाज असा, की तो ऐकून पाखरंच काय, बांधापलीकडची म्हैससुद्धा चरायची थांबून मान वर करायची. धानोऱ्याच्या बाजूला एक संशोधनाचं शेत आहे, तिथे तिला राखणीला ठेवलं ते या आवाजावरच. दुसऱ्या राखणदारांना डबे बडवावे लागत. ही शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून एक हाकारा द्यायची आणि गोफण नुसती खांद्यावर टाकून ठेवायची, कारण पाखराला दगड मारणं तिच्या जिवावर येई. शेतावरचे लोक तिला भोंगा म्हणत. तीही हसून घेई.

यंदा मात्र भोंगा बसला होता. हाकारा तोंडापर्यंत यायचा आणि तिथेच विरायचा. कारण विचारलं तर ती घसा दुखतो म्हणायची. घशाला काहीच झालं नव्हतं, फुलीबाईला शेतातल्या ज्वारीची भीती वाटत होती.

आणि गंमत अशी की ज्वारी तिचीच. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात तिचा पाडा. तिथलं हे तिच्या आईचं बियाणं, गोड दाण्याचं, पाऊस रुसला तरी तग धरणारं. खोड फक्त एकच, उंचीला धरबंध नाही. वाऱ्याची एक झडप आली की सगळं शेत आडवं. तापीकाठच्या गुजर घरातली गायत्री या शेतावर शास्त्रज्ञ होती. जुनं बियाणं शोधत ती अक्कलकुव्याच्या बाजारात आली, तेव्हा फुलीबाईने टोपलीतली चार कणसं तिच्या हातावर ठेवली होती. त्याच ओळखीवर पुढे हे राखणीचं काम मिळालं. नवरा दलसिंग ऊसतोडीला गुजरातेत जायचा; ही इथे राहायची.

यंदा ती ज्वारी नव्या रूपात पेरली गेली. गायत्रीने तिला प्लॉटच्या कडेला नेऊन समजावलं. फुलीबाई घरी भिली बोलायची, पण बाजाराची अहिराणी तिला चांगली येत होती.

"मावशी, हाई तुन्हीच ज्वारी शे. नुसतं एक अक्षर बदलं आम्ही."

दाण्याच्या पोटात आईबापाकडून आलेला लांबलचक मजकूर असतो, ती सांगत होती. त्यातलं उंचीचं अक्षर तेवढं कापून बदललं, बाकी काही हलवलं नाही. संकर करत बसलो असतो तर दहा-बारा वर्षं गेली असती आणि दाण्याची गोडीही राहिली असती की नाही, देव जाणे. गायत्री मोठ्या उमाळ्याने बोलत होती. फुलीबाईच्या कानात मात्र 'अक्षर' हा एकच शब्द अडकून राहिला.

हा शब्द तिने आधी ऐकला होता, चिंचपाड्याच्या दवाखान्यात. तिची मुलगी रोशनी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टर भला माणूस. त्याने हिला बाजूला बसवून सांगितलं, हा सिकलचा आजार, रक्तातलं एक अक्षर चुकलंय, एक तुझ्याकडून आलं, एक तिच्या बापाकडून. त्याने समजावं म्हणून सोपं करून सांगितलं, पण फुलीबाईला ते भलतंच समजलं. तिला अक्षरओळख नव्हती. आपण अडाणी, म्हणून पोटातल्या पोरीला चुकीचं अक्षर दिलं, असं तिने मनाशी धरलं. शिकलेल्या बाईकडून अशी चूक झाली नसती. हे तिने कोणालाच बोलून दाखवलं नाही, त्यामुळे ते खोडून काढणारंही कोणी भेटलं नाही. रोशनी त्या पावसाळ्यात गेली. तिच्या बरोबरीच्या पोरी उंचीने आईच्या कानाला लागल्या होत्या, ही छातीपाशीच थांबलेली.

आता ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली, आणि फुलीबाईच्या छातीपाशी येऊन थांबली. सगळे खूश झाले. वाऱ्याने एक ताट पडलं नाही. मग परागाची भेसळ होऊ नये म्हणून प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवली गेली. त्या दिवसापासून फुलीबाईला त्या बाजूला पाहवेना. ओळीने उभ्या, तेवढ्याच उंचीच्या, तोंडं झाकलेल्या पोरी जणू. वारा आला की कागद सळसळायचा आणि त्यातून हाक यायची, "याहा." भर उन्हात, माणसं आजूबाजूला असताना यायची. रोशनी आईला अशीच हाक मारायची, भूक लागली की.

आणि ती भुकेली असणारच. फुलीबाईच्या पाड्यात नवाईच्या सणाला नवा दाणा आधी मेलेल्यांना देतात, एकेकाचं नाव घेऊन, मग घरातले खातात. पण न वाढलेल्या पोरांचं नाव घेत नाहीत. त्यांना हाक मारली की ती घर सोडत नाहीत, म्हणतात. म्हणून रोशनी गेल्यापासून तिच्या वाट्याला दाणा आला नव्हता, आणि तिचं नाव आईच्या ओठांवर आलं नव्हतं.

एका दुपारी तिने गायत्रीला गाठलं.

"ताई, माणूसना रगतमा बी असंच अक्षर ऱ्हास ना?"

"ऱ्हास ना. बठ्ठासना रगतमा ऱ्हास."

"मंग ते बदलता येस का?"

"आते येस. बाहेरना देशमा सिकलना लोकेसवर तेच औषध सुरू व्हयनं शे." गायत्री उत्साहाने बोलून गेली, आणि मग तिने फुलीबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मन्ही पोर व्हती तव्हय?"

"तव्हय नव्हतं, मावशी."

फुलीबाई माळ्यावर परत गेली. ज्वारीचं अक्षर सुधारलं, पोरीचं राहून गेलं. तिला राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. मग बसल्याबसल्या तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि तिच्या पाड्यातल्या माणसाशिवाय ती कोणाच्या मनात आली नसती. हा दाणा अजून कोणीच खाल्लेला नाही. कोणाच्या आजाने नाही, पणजाने नाही. मग याच्या पहिल्या घासावर कुठल्याच पूर्वजाचा हक्क नाही. तो रोशनीला देता येईल.

तिने एक मूठ दाणा मागितला. गायत्रीने मान हलवली.

"परवानगी येस तवलगून हाऊ दाना कोनीच खावाना नही, मावशी. माले बी नही."

तिचंही खरं होतं. पण परवानगी माणसांना लागते; मेलेलं माणूस तर पाखरू होऊन दाणा खायला येतं. पुढे दाणा टणक झाल्यावर फुलीबाईने कडेच्या एका कणसाची पिशवी काढली आणि पदरात लपवली. जन्मात पहिल्यांदा ती पाखराची वाट पाहत गप्प बसली. एक चिमणी आली. बारीक, पंख विस्कटलेली. कणसावर उलटी लोंबकळून तिने दाणा फोडला. फुलीबाई मनातच म्हणाली, खा. त्या दुपारी सळसळ झाली, पण हाक आली नाही. तिला हलकं वाटलं. कित्येक दिवसांनी तिला भाकर गोड लागली.

सकाळी चिमणी परत आली. पोट एकदा भरून भागत नाही, हे आईला कळायला हवं होतं. उघडं कणीस कधीच रिकामं झालं होतं. चिमणी शेजारच्या पिशवीवर बसली आणि चोचीने कागद फाडू लागली. मागून आणखी चिमण्या उतरत होत्या. नेमकी तेव्हाच गायत्री बांधावर आली.

"मावशी, पाखरू दख! हाई बी गयं तं बठ्ठं पयलेपाईन करनं पडी."

फुलीबाईने गोफण उचलली. दगड घातला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. पोरीवर दगड कसा मारायचा? आणि नाही मारला तर तिच्या आईचं बियाणं, इतक्या वर्षांची ताईची मेहनत, पोरीच्या उंचीची ती सगळी ज्वारी, हे सगळं डोळ्यांदेखत जाणार होतं. चिमणीने कागदात डोकं खुपसलं.

"रोशनी!"

बसलेला आवाज एकदम मोकळा झाला. हाक बांधापलीकडे गेली. म्हशीने मान वर केली. चिमण्यांचा थवा उठला, आणि ती विस्कटलेल्या पंखांची चिमणीही त्यांच्याबरोबर उडून गेली.

गायत्री माळ्याखाली येऊन उभी राहिली. रिकामं कणीस तिला दिसलं होतं.

"पिशवी मीच काढी," फुलीबाई म्हणाली.

"आनि हाक कोनले मारी?"

"मन्ही पोरले."

गायत्री रागावणार होती. पण तिने फुलीबाईच्या पदरातली पिशवी तेवढी मागून घेतली आणि रिकाम्या कणसावर चढवून टाचणी लावली.

चिमण्या फिरून येतच होत्या. दगड फुलीबाईने खाली टाकला होता. तिच्याकडे आता एकच हाकारा उरला होता, तो ती दिवसभर देत राहिली. ज्या नावाने पोरीला घासभर दाणा खायला बोलवायचं होतं, त्याच नावाने ती तिला हाकलत होती. आणि पोर लहानपणापासून ऐकणारी. प्रत्येक हाकेला उडून जात होती.