पळस फुलला, पण पाहिला कोणी?

प्रा. रघुनाथराव काळवणे सरांची आणि माझी ओळख एका पोस्टकार्डानं झाली. आमच्या शहरातल्या एका साप्ताहिकात मी तेव्हा नुकतंच सदर लिहायला लागलो होतो. लोकांना चिमटे काढायचे आणि त्याला समाजचिंतन म्हणायचं, असा तो उद्योग. अजूनही तोच चालू आहे. एकदा मजकूर चार ओळी कमी पडला, म्हणून शेवटी ठोकून दिलं, 'थंडी सरली आणि शहराबाहेर पळस पेटला.' आठवड्यानं कार्ड आलं. अक्षर इतकं बारीक आणि सरळ की क्षणभर वाटलं, कोर्टाचं समन्स आहे. मजकूर असा: 'कुठला पळस? कोणत्या दिवशी? आपण स्वतः पाहिला काय? सोबत कोण होते? आमच्या पाहण्यातील एकही पळस आपला लेख छापून येईपर्यंत फुललेला नव्हता.' खाली सरांची सही. तिच्या शेजारी आणखी एक सही, उर्दूत.

मी पळस पाहिला नव्हता. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहिली होती.

तोवर वाचक मला शिव्या द्यायला भेटत. पुरावा मागायला कोणी भेटलं नव्हतं. हे गृहस्थ कोण, यांचा डाव काय, असा संशय पोटात घेऊन मी सरांच्या घरी गेलो. सर तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. व्हरांड्यात एका ओळीत तीन थर्मामीटर टांगलेले. मी विचारलं, "तीन कशाला?"

सर म्हणाले, "एक होतं, तेव्हा ते खोटं बोलतंय असं वाटायचं. दुसरं आणलं. मग दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते कळेना. म्हणून तिसरं."

"आता कळतं?"

"आता तिघांवरही संशय आहे. पण निदान त्यांना एकमेकांची भीती आहे."

या माणसाशी आपलं जमणार, हे मला त्या क्षणी कळलं. जमलं म्हणजे काय, तर आम्ही एकमेकांवर कायम संशय घेत आलो. सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मला लिहायला सांगितलं, तेही बहुधा सरांनीच सुचवलं असावं. बाकीचे सगळे कौतुक करणार, तेव्हा एक तरी साक्षीदार उलट तपासणीतला हवा.

सरांचं मूळ गाव फुलंब्रीकडचं. वडील पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत महसुलात लहानशा नोकरीवर होते. निजामाचा अंमल गेला, कागद बदलले, शिक्के बदलले. पण चावडीत बसून, चहा पीत, न पाहिलेल्या शेतातलं पीक लिहायची रीत काही जणांनी तशीच जपली. वडिलांना त्याची चीड होती. ते म्हणत, "कागद डोळ्यानं लिवावा, बसल्या जागी नाय. अन् आपल्या एकट्याच्या डोळ्यावर तर अजिबात भरवसा ठिवू नये." सरांनी हे वाक्य आयुष्यभर पाळलं. झाडांच्या आणि पाखरांच्या त्यांच्या वह्यांत एकही नोंद एका सहीची नाही. पहिलं फूल दिसलं की दुसऱ्या माणसानं ते पाहायचं, मगच लिहायचं. दुसरा माणूस होयबा नको; हटकून नाही म्हणणारा हवा.

असा माणूस सरांना पडेगावच्या रस्त्यावर सापडला. हाफीजभाई. सायकल दुरुस्तीचं दुकान. सरांच्या सायकलची चेन उतरली होती, आणि सर सांगत होते की अमुक झाडावर फूल आलंय. हाफीजभाई म्हणाले, "झूट. अभी कैसा आता?" सरांनी त्यांना तिथल्या तिथं झाडाखाली नेलं, फूल दाखवलं आणि सही मागितली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन सायकली निघत. ठरलेला रस्ता, ठरलेली झाडं, आणि प्रत्येक झाडासाठी उभं राहायचा एक ठरलेला दगड. दगड सोडायचा नाही, हा सरांचा नियम. जागा बदलली की नजर बदलते, नजर बदलली की नोंद बिघडते, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम हाफीजभाईंसाठी: विचारलं तेवढंच सांगायचं. फूल आहे का? आहे. किती? पाच. बास. आपलं मत, हवापाण्याच्या गप्पा, दुनियेचं कसं होणार, हे सगळं सही झाल्यावर.

या वह्यांची चार पानं उलटली तरी आपल्या मुलखाचं काय चाललंय ते दिसतं. पळस आणि काटेसावर पूर्वीपेक्षा लवकर फुलू लागले. बहावा अवेळीच एखादा घोस सोडू लागला. आंब्याला मोहर दोनदा येऊन दोन्ही वेळा गळू लागला. पावशा ओरडतो, पण त्याच्या ओरडण्यावर पेरणीचा भरवसा कोणी ठेवीनासं झालं. सोयगावकडच्या डोंगरात सालईची जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्याखाली रोपं दिसत नाहीत. तिथं घाणेरी माजली. आणि माळावरचा धाविक. हे पाखरू उघड्या माळावर तुरुतुरु पळतं. पहिल्या वह्यांत ते पानोपानी आहे, मग अधूनमधून, मग नाहीच. पण त्याचा रकाना सरांनी रिकामा सोडला नाही. प्रत्येक फेरीला लिहिलंय, 'दिसला नाही', आणि पुढे दोन सह्या. एखाद्याच्या नसण्यावर इतक्या इमानानं सह्या केलेल्या मी दुसरीकडं पाहिल्या नाहीत. आपल्याकडं असण्यावरही लोक न बघता सही करतात.

या वह्यांची कीर्ती हळूहळू पसरली. एका मोठ्या शहरातल्या संस्थेनं (नाव सांगत नाही, सांगून त्यांना कशाला मोठं करा) कळवलं की आम्ही येतो, वह्या पाहतो, जपून ठेवतो, छापतो. सर तेव्हा निवृत्त झाले होते. कपाटाला वाळवी लागू लागली होती. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "यांना बोलून दाखवता येत नाही, पण चाळीस वर्षांचं कुणीतरी वाचावं एवढीच हाव आहे बघा."

त्या संस्थेला सर्वांत आवडला होता तो पडेगावचा पळस. नाल्याकाठी एकटाच उभा. इतर पळस थोडे लवकर फुलू लागले होते; हा मात्र असा पुढं धावत सुटला होता की जणू त्याला बस पकडायची आहे. त्याचं चित्र पहिल्या पानावर घ्यायचं, असं त्यांनी कळवलं. आणि इथं मला संशय आला. जे फारच मनासारखं असतं त्याच्या मागं जाऊन बघावं, हे सरांनीच मला शिकवलेलं. मी त्या झाडाकडं गेलो. दगडावर उभा राहिलो. वहीत लिहिल्याबरहुकूम सगळं दिसलं. मग मी दगडावरून उतरलो, नाला ओलांडला आणि पलीकडचा बांध चढलो.

बांधाच्या आड, झाडाच्या पाठीशी, वीटभट्टी होती. चांगली मोठी, धगधगती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या व्हरांड्यात गेलो. हाफीजभाई आलेलेच होते. मी सांगितलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हाफीजभाई, तिथं भट्टी आहे?"

"है ना. बरसों से है. मेरे दुकान की दीवार की ईंटाँ वहींच की हैं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"साब, तुमने पूछा फूल है क्या, मैं बोला है. भट्टी कब पूछी तुमने? और तुमीच बोले थे ना, पूछा उतनाच बोलना, जास्ती नक्को."

"धूर तर दिसत होता की."

"धुआँ तो तुमकू बी दिखता था. तुमारे कागज में धुएँ का खानाच नई!"

संस्थेची माणसं दुसऱ्याच दिवशी यायची होती. सत्याचा झेंडा घेऊन आलेला मी, तोच मी सरांना म्हणालो, "सर, आत्ता राहू द्या. एकदा वह्या छापून होऊ देत, मग दुरुस्ती देऊ." हे मी म्हणालो, हे लिहून ठेवतो, इथं माझी एकट्याची सही पुरे आहे.

हाफीजभाईंनी मला जोड दिली, "हौ साब, जाने दो. झाड थोडीच गवाही देने आता."

सर उठले. "तुम्ही डोळ्यानं पाहिली ना भट्टी? चला, मला बघू द्या."

आम्ही तिघं गेलो. सर नेहमीप्रमाणे आधी दगडावर उभे राहिले. मग पँट दुमडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या दगडावरून नाल्याच्या बाजूला उतरले. नाला ओलांडून झाडामागं गेले आणि जमिनीला हात लावला. मग हाफीजभाईंना लावायला लावला, मग मला.

"गरम आहे?"

"आहे."

"है साब. अच्छीच गरम है."

तिथंच विटांच्या ढिगावर सर बसले. मग म्हणाले, "बाप चावडीत बसून लिहिणाऱ्यांना नावं ठेवायचा. मी दगडावर उभं राहून लिहिलं. फरक काय पडला हो?"



पाहुणे आले तेव्हा सर टेबलाशी लाल शाई घेऊन बसलेले होते. पडेगावच्या पळसाची प्रत्येक नोंद त्यांच्या देखत आडवी रेघ मारून खोडली. खोडल्यावर शेजारी कारण, 'झाडामागे वीटभट्टी, निरीक्षकाने पाहिली नाही', आणि दोन सह्या. पाहुण्यांतले एक जण अजिजीनं म्हणाले, "सर, एवढं कशाला? बाकीची झाडंही तेच सांगतात ना?"

"थोडंथोडं सांगतात," सर म्हणाले. "आणि आजपासून तीही संशयित आहेत."

पाहुण्यांनी चहा घेतला, काकूंच्या चिवड्याची स्तुती केली आणि 'कळवतो' म्हणून गेले. ते अजून कळवत आहेत.

दुसरा कोणी असता तर वह्या कपाटात टाकून मोकळा झाला असता. सर पुढची दोन वर्षं प्रत्येक झाडाला चारी बाजूंनी फिरून आले. हाफीजभाई त्याला 'तवाफ' म्हणत, काकू 'प्रदक्षिणा' म्हणत, आणि सर म्हणत 'चौकशी'. आणखी एका पळसाच्या मुळाशी पाण्याची फुटकी पाइपलाइन निघाली, तोही वहीतून खोडला. बाकीची झाडं मात्र निर्दोष सुटली. फुलंब्रीकडच्या बांधांवरची, डोंगरातली. ज्यांच्या आसपास ना भट्टी ना पाइप, तीही पूर्वीपेक्षा लवकर फुलत होती. पडेगावच्या पळसासारखी धावत नव्हती. पण चालत होती, आणि एकाच दिशेनं. ज्या दिवशी शेवटचं झाड तपासून झालं त्या दिवशी सरांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. म्हणाले, "मला वाटलं होतं, हीसुद्धा खोटी निघतील. निघाली असती तर बरं झालं असतं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून जग बुडालं तरी चालेल, असे विद्वान मी पुष्कळ पाहिले. आपलं म्हणणं खोटं निघावं म्हणून दोन वर्षं उन्हात हिंडणारे हे एकटेच. व्याख्यानात सर सांगतात, "हवामान बदललं म्हणणाऱ्याला विचारा, काय पाहिलं. नाही बदललं म्हणणाऱ्याला विचारा, घराबाहेर कधी पडला होता." टाळ्या पडतात. सर टाळ्यांकडंही संशयानंच बघतात.

सरांची माया अशीच आडवाटेनं येते. माझी मुलगी तापानं फणफणली होती. आमचं थर्मामीटर ताप नाही म्हणत होतं आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. कळताच सर भर दुपारच्या उन्हात स्वतःचं थर्मामीटर घेऊन आले, मग स्वतः रिक्षा आणली आणि आम्हाला डॉक्टरकडं नेलं. पोरीला खरंच ताप होता. परत येताना मी आभार मानू लागलो तर म्हणाले, "आभार राहू द्या. ते यंत्र आधी फेकून द्या."

यंदा हाफीजभाईंनी सहीचं पेन परत केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नजर पूर्वीची राहिली नाही. पळसाखाली उभे राहून म्हणाले, "साब, लाल दिखता. फूल है के सूखा पत्ता, कसम से नई समजता. अब मेरी सही झूटी होती." सरांनी ते पेन माझ्यापुढं धरलं.

मी वर पाहिलं. एका फांदीच्या टोकाला काहीतरी केशरी होतं.

"फूल आहे?" सरांनी विचारलं.

खिडकीतल्या टाकीवर बघून पळस पेटवणारा मी, मान मोडेस्तोवर बघत राहिलो. झाडाला एक फेरी मारली. "सर, कळी आहे. उघडलेली नाही. आज लिहू नका."

सर हसले. इतक्या वर्षांत मला त्यांच्याकडून मिळालेलं प्रमाणपत्र ते एवढंच.

गौरवलेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. काळवणे सरांच्या बाबतीत ते नुसतं लिहून भागणार नाही. सर पोस्टकार्ड पाठवून विचारतील, 'कोणी पाहिले? सोबत कोण होते?' म्हणून तो रकाना मी आज कोराच ठेवतो. सर, निरोगी राहा, सायकल चालवत राहा, आमच्यावर संशय घेत राहा. तुमच्या शंभराव्या वर्षीचा पळस फुलला की आपण दोघं त्या झाडाला फेरी मारू, हाफीजभाईंना सावलीत बसवू, नीट पाहू, आणि मगच तुमच्या सहीशेजारी मी सही करीन.