गोमतीच्या पाण्यात उभा असलेला जवान

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आले. आजही अमावस्या-पौर्णिमा बघून मी काही करत नाही. तरी हे सांगते... पटलं तर घ्या.

नव्वदच्या दशकात यांची लखनौला बदली झाली. सरकारी क्वार्टर मिळायला वेळ होता आणि यांना पाण्याचं भारी वेड. रामऔतार नावाच्या नावाड्याची, वर लाकडी खोली बांधलेली जुनी नाव गोमतीच्या घाटाला असायची. आम्ही चक्क तिथेच बिऱ्हाड केलं! वर्षभराच्या पोरीला, मुक्ताला घेऊन पाण्यावर राहतोय हे कळल्यावर सांगलीला माझी आई धड जेवली नाही. पण खरं सांगू? तो हिवाळा माझ्या संसारातला सगळ्यात सुखाचा. सकाळी धुक्यात स्टोव्हवर चहा, दुपारी टपावर ऊन खात मटार सोलणं... आणि मुक्ता ओढणीने माझ्या कमरेला बांधलेली. तेवढी खबरदारी घ्यावीच लागे.

एकदा वाऱ्याने नाव पायऱ्यांवर आपटायला लागली म्हणून यांनी दोन्ही दोर आवळून बांधले आणि ऑफिसला गेले. दुपारी मुक्ताला कुशीत घेऊन माझा डोळा लागला. पातेलं घरंगळल्याच्या आवाजाने जागी झाले, तर पायाखालची फळ्यांची जमीन तिरकी! खालच्या अंगाला बंधाऱ्याची दारं उघडली होती. नदी उतरत होती, नावेची काठाकडची बाजू दोरांना लटकली होती आणि दुसऱ्या बाजूने पाणी आत शिरत होतं. घाटावर उतरायची फळीही वाहून गेली होती.

मुक्ताला कवटाळून मी मागच्या दारात आले. तिथे पाण्यात एक तरुण उभा होता. पाणी त्याच्या कमरेएवढं, अंगात फौजी स्वेटर, दोन्ही हात वर केलेले.

"वैनी, लेकरू द्या हिकडं. घाबरू नगा."

आमच्याकडचीच बोली. तिथल्या लष्करी छावणीत मराठी जवान पुष्कळ, त्यामुळे नवल वाटलं नाही – उलट धीर आला. मी मुक्ताला त्याच्या हातांत दिलं. त्याचे हात ऊबदार होते, हे पक्कं आठवतं.

"आता दोर कापा. गाठ सुटायची न्हाई."

मी विळी घेऊन धावले. दोर इतके ताणलेले की घासताच तटातट तुटले. नाव धाडकन खाली बसली, डोलली आणि सरळ झाली. वळून पाहिलं तर मुक्ता घाटाच्या पायरीवर उन्हात बसलेली, पायातले मोजेसुद्धा कोरडे. जवान कुठेच नव्हता.

तेवढ्यात रामऔतारने धावत येऊन वाहायला लागलेली नाव धरली. त्याने पायरीवर मुक्ताला एकटीच पाहिलं होतं. जवान कुठे उभा होता ते मी दाखवलं. त्याने तिथे बांबू सोडला. अख्खा बांबू आत गेला, त्याचा हात खांद्यापर्यंत बुडाला, तरी तळ लागेना.

"भाभीजी, यहाँ कोई खड़ा नहीं हो सकता," तो हळूच म्हणाला.

त्या जवानाला द्यायला पेढे घेऊन हे छावणीत चौकशी करून आले. त्या दिवशी नदीवर कुणी गेलंच नव्हतं. पेढे रामऔतारच्या घरी पोचले. यांचं म्हणणं, पोहत असेल. असेलही... पण दोन्ही हातांत मूल धरून कोण पोहतं?

होळीनंतर विकास नगरला क्वार्टर मिळालं. तोवर आम्ही नावेवरच राहिलो, दोर सैल ठेवून, मजेत.

मुक्ता लखनौतच मोठी झाली. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. कोण असेल गं तो, असं मी अजून विचारते.

"अच्छा आदमी था मम्मी, बस."

याहून जास्त उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.