पहिल्याच प्रकरणात मारायच्या बायका

निपाणीच्या विडी कामगार बायकांवरची माझी ऐतिहासिक कादंबरी प्रकाशकापर्यंत नेईल असा एजंट मी किती शोधतोय, तुम्हाला माहीतच आहे. आज दुपारी एका एजंटाचा फोन आला. आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

“लिहिलंय चांगलं. पण इतिहास म्हटलं की राजा हवा, लढाई हवी. या बायका पहिल्याच प्रकरणात मारून टाका आणि सरदाराची गोष्ट सुरू करा,” तो म्हणाला.

आईची बोटं पदराचा काठ विडीसारखा वळत होती.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “त्याचं काय चुकलं रं? लवकरच मेल्या की त्या. तुझ्या मावशीनं तिशीबी गाठली न्हाय.”

उद्या त्याला उत्तर द्यायचंय. तुम्ही काय कळवलं असतं?