डासताईंनी राखून ठेवलेली नळी

आमच्या भागातल्या प्रयोगशाळेत त्या सत्तावीस वर्षं रक्त काढताहेत. सगळे त्यांना तोंडावर डासताई म्हणतात. "डास न विचारता चावतो, तुम्ही विचारून चावता," असं एक आजोबा म्हणाले, तेव्हापासून. त्यांना ते नाव आवडतं.

त्यांची एक सवय. तपासून उरलेलं रक्त इतर लोक दुसऱ्या दिवशी टाकतात. ताई नळी तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. म्हणतात, "खरं काय ते माणसाला घरी गेल्यावर आठवतं."

माझी भाची घरोघर टपाल वाटते. तिच्या आतड्यांना जुनी सूज. त्या वर्षी एक जिना चढली की पायरीवर बसायची. "कामाचं नाव काढलं की हिला धाप लागते!" हा तिच्या आईचा टोमणा. डॉक्टरांनी शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासायला सांगितलं. रक्त ताईंनीच काढलं, आकडा नॉर्मल आला. म्हणजे खोट आपल्यातच, असं समजून पोरीने राजीनामा लिहिला.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेचं टपाल घेऊन जिना चढून वर गेली आणि खुर्चीला धरून उभी राहिली. "उद्यापासून दुसरं कुणी येईल, ताई. मला नाही झेपत."

ताईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. "पांढरीफटक! आणि माझा कागद म्हणतो ठणठणीत? तुला कसला आजार आहे गं?"

"आतड्यांना सूज."

ताईंनी तिला खुर्चीत बसवलं. "मग चुकले मी. सूज असली की फेरिटिन फुगतं. कोठार रिकामं असलं तरी आकडा भरलेला दिसतो. मी विचारायला हवं होतं."

लगेच डॉक्टरांना फोन. पलीकडून आवाज आला, "अहो, रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"नॉर्मल आहे साहेब, म्हणूनच फोन केला. सूज किती आणि रक्तात लोह किती फिरतंय, तेही बघू का? नळी आहे माझ्याकडे."

दुपारी उत्तर मिळालं. सूज भरपूर; रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन निदान वीस टक्के भरलेलं हवं, ते नऊच टक्के. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायला घेतलं. राजीनामा पिशवीतच राहिला.

आता तिथल्या फॉर्मवर ताईंच्या अक्षरात एक ओळ असते : अंगात कुठे जुनी सूज आहे का?

तीन महिन्यांनी भाची टपाल घेऊन गेली, तेव्हा ताईंनी सवयीने खुर्ची पुढे सरकवली.

"बसायला वेळ नाही, ताई. अजून चाळीस घरं आहेत."