शिरीषचा अंगठा

भूत, करणी, नजर... असलं काही कोणी सांगायला लागला की यात त्याचा फायदा काय, हे मी आधी पाहतो. सायकलवरून सुटे भाग विकत इथवर आलोय, मला कोणी सहज बनवू शकत नाही. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली आणि उलगडा होत नाही.

बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, आम्ही हजेरीची मशिनं बनवायचो. काचेवर अंगठा ठेवला की हजेरी लागते, ती. बॅटरीवर सात दिवस चालली पाहिजेत, ही गिऱ्हाइकाची अट. म्हणून काम नसताना काच झोपली पाहिजे. ते बघतो कर्नल – आतला मुख्य प्रोग्रॅम. तो एक आकडा ठेवतो. काच वापरात असली की एक, सोडली की शून्य. शून्य झाला की दोन सेकंदांत काच झोपते, हिरवा दिवा विझतो. हा भाग शिरीषने लिहिला होता.

ट्रायलच्या मशिनवर गिऱ्हाइकाने स्वतःचा नंबर चिकटवला होता, म्हणजे ते बदलून दुसरं देता येणार नव्हतं. ते झोपेना, बाकीचीही झोपेनात. मी सगळ्यांसमोर भडकलो.

"घेताना आकडा वाढवलास, सोडताना कमी करायला विसरलास!"

"नाही सर. काचेखालचे सेन्सर बदललेत का कोणी?"

"मला शिकवू नकोस. ठेव अंगठा या ट्रायलच्या काचेवर आणि घे शपथ."

त्याने ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, "चूक कोणाची ते तुम्ही सांगेपर्यंत हा इथेच आहे, असं समजा."

आणि बॅग उचलून गेला. ऐन ऑर्डरीत! त्याचा राग मला आजही आहे.

खरं तर सेन्सर मीच बदलले होते... घासाघीस करून दुसरीकडून स्वस्तात आणलेले. तो गेल्यावर एका मशिनमध्ये गुपचूप जुना सेन्सर घालून पाहिला – झोपलं. मी गप्प बसलो. सगळीकडे जुने सेन्सर घातले, सगळी मशिनं झोपली. ट्रायलचं सोडून.

सोमवारी तपासणी सुरू होणार होती. ऑर्डर गेली असती तर कंपनीला कुलूप. आदल्या शुक्रवारी, भर दुपारी, शिरीषच्या जागी आलेल्या मनीषाने मला हाक मारली.

"सर, आकडा एकवरच आहे. काचेवर अंगठा ठेवलाय असं दाखवतंय."

"पूस की काच."

"तीनदा पुसली."

बॅटरी काढून परत घातली. पुन्हा दिवा. मग काचेला काय दिसतंय ते तिने स्क्रीनवर आणलं. उजवा अंगठा, मधोमध तिरका व्रण. पत्रा लागून झालेला. "हा तर शिरीषचा," मी पुटपुटलो. आणि ते चित्र स्थिर नव्हतं... रेषा हळूच दाबल्या जात होत्या, सुटत होत्या. नाडीसारख्या. मी काचेकडे बोट नेलं. टेकवायच्या आधीच ऊब लागली.

मनीषा खुर्ची मागे सारून उभी राहिली. "सर... ते वारलेत का हो?"

मी शिरीषला फोन लावला.

"बोला सर." शिरीषच होता!

"कसा आहेस?"

"बराय. फक्त उजवा अंगठा बधिर झालाय, तुमच्याकडून निघालो त्या दिवसापासून. थंडगार. डॉक्टरांना काही सापडत नाही. का?"

का, ते मला समोरच दिसत होतं. तरी सवय जात नाही... म्हणालो, "परत ये, पगार वाढवतो." दिवा तसाच. "बरं, दोघांचीही थोडी थोडी चूक झाली म्हणू." दिवा तसाच.

"शिरीष... चूक माझी. सेन्सर मी बदलले होते. मला माहीत होतं."

एक... दोन... हिरवा दिवा विझला.

"सर," त्याचा आवाज कापत होता, "अंगठ्याला मुंग्या येतायत."

ते मशीन तपासणीत सात दिवस पुरलं. ऑर्डर मिळाली. शिरीष परत आला नाही. मनीषाने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, तिला काही सापडलं नाही. मलाही नाही.

आमची मशिनं आज पार कात्रजपर्यंत लागली आहेत. माझ्या ऑफिसात मात्र हजेरी वहीत सही करून लागते. नवीन पोरं हसतात. हसू देत.